एक गाठ जास्त

मोबाईल थरथरला तेव्हा निसार पटवेकऱ्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला दोरा ताणलेला होता आणि त्यात कोल्हापुरी साजाची पानं अर्धीअधिक ओवून झाली होती. दोरा अंगठ्याला असताना माणसानं जागचं हलू नये, हा त्याच्या बापाचा दंडक. पण आज हात आपसूक फोनकडे गेला, अंगठा सैल पडला, आणि सोन्याची पानं घरंगळत त्याच्या मांडीत आली. पडद्यावर सहलवाल्यांचा निरोप होता. ‘उद्या बेटाची सहल. पहाटे पाच, दसरा चौक. निसार आणि नुजहत, सीट नऊ व दहा. वेळेवर यावे.’ त्यानं चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला. गुजरीतल्या त्या चार हाताच्या खोपट्यात बाहेरून तीच रोजची वर्दळ ऐकू येत होती, समोरचा सराफ कुणा गिऱ्हाइकाला चहा सांगत होता, आणि ह्या काचेवर तिचं नाव त्याच्या नावाला खेटून बसलं होतं, एखाद्या लग्नाला निघाल्यासारखं. नावं यादीतली. यादीला कुणी काही सांगितलं नव्हतं.

कुणी म्हणजे त्यानंच. नुजहतला जाऊन काल चार महिने दहा दिवस झाले होते. बाईमाणसाचा नवरा गेला तर तिला तेवढी इद्दत पाळावी लागते, घराचा उंबरा ओलांडायचा नाही, नटायचं नाही. पुरुषाला तसं काही नाही. चौथ्या दिवशी त्यानं दुकान उघडलं. पण आतल्या आत त्यानं ते दिवस धरले होते, का ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. आणि एवढ्या दिवसांत एक वाक्य त्याच्या तोंडून बाहेर पडलेलं नव्हतं. ते बाकीच्यांनी उच्चारलं. जयसिंगपूरच्या मुबशिरानं, त्याच्या लेकीनं, फोनवरून सगळ्या नात्यात सांगितलं. मशिदीच्या भोंग्यानं गल्लीला सांगितलं. दवाखान्यातल्या माणसानं तर इतक्या हळू सांगितलं होतं, की निसारनं ते ऐकलंच नाही असं मानायला वाव राहिला. त्यानं फक्त मान हलवली. जुनी गिऱ्हाइकं ‘भाभी दिसंनात’ म्हणाली, की तो दोरा दातात धरायचा. दोरा दातात असला की माणसाला बोलता येत नाही. त्याला वाटायचं, आपण म्हटलं की संपलं. आपल्या तोंडून निघेपर्यंत ती कुठंतरी अडकून आहे, आतल्या खोलीत, जिन्यात, नळावर.

सहल तिनंच ठरवलेली. घाटाखाली ती आयुष्यात उतरली नव्हती. कोल्हापुरात जन्मली, कोल्हापुरात नांदली. पाणी म्हणजे रंकाळा आणि पंचगंगा. पण कधीकाळी शेजारच्या म्हातारीकडून तिनं एक ओवी उचलली होती आणि रेशमाला पीळ घालताना ती गुणगुणायची:

घाटाखाली निळं पाणी, त्याला न्हाई बाई काठ
माझ्या गं राजसाची, किती बघू तिथं वाट

“अजी, काठच न्हाई म्हंजे कसं वो असंल ते?” ती विचारायची. “मग पाणी सांडत न्हाई?” निसार हसायचा आणि म्हणायचा, जाऊ एकदा. हे ‘जाऊ एकदा’ चौतीस वर्षं चाललं. शेवटी भादव्यात तिनं मुबशिराकडून दोन जागा धरून घेतल्या. दिवाळीच्या तोंडावर जायचं ठरलं, तर समुद्र खवळला, होड्या बंद झाल्या, सहल पुढं गेली. मग तिला ताप आला. तीन दिवसांचा ताप. समुद्र शांत झाला तोवर ती राहिली नव्हती.

त्यानं मांडीतली पानं गोळा केली आणि परत ओवायला घेतली. साज मधल्या पदकापासून दोन्ही अंगांनी भरत न्यायचा असतो. डावीकडं एक पान, उजवीकडं एक पान, तोल राहिला पाहिजे. म्हणून दागिने ओवणारा पटवेकरी एकेक मोजत नाही. दोन, चार, सहा. ती सवय हाडात मुरलेली. जिन्याच्या पायऱ्या, ताटातल्या चपात्या, आभाळातले पक्षी, सगळं जोडीनं. “तुमच्या मोजण्यात एकटा माणूस कधी येतच न्हाई काय वो?” नुजहत चिडवायची. समोर बसून दोऱ्याचं टोक ती धरायची, तो पीळ भरत जायचा. तिच्या बोटांत दोरा घट्टही नसायचा, सैलही नसायचा. चार महिने तो ते टोक भिंतीतल्या खिळ्याला अडकवत होता. खिळा दोरा बरोबर धरायचा. तक्रारीला जागा नव्हती. खिळा फक्त अधूनमधून ‘हात भरून आला की वो’ म्हणायचा नाही.

दसरा चौकात पहाटे धुकं होतं. सहलीचा म्होरक्या उदयसिंह, एकेकाळचा कबड्डीपटू, गळ्यात शिट्टी अडकवून गाडीच्या दारात उभा होता. “नऊ-दहा? बसा चाचा, बसा. काकी?” तेवढ्यात मागून कुणीतरी हाक मारली आणि तो तिकडं वळला. निसार खिडकी सोडून बसला. खिडकीला त्यानं पिशवी ठेवली. पिशवीत पाण्याची बाटली होती आणि तिची चॉकलेटी शाल. शाल का घेतली, हे त्यानं स्वतःला विचारलं नव्हतं.

पलीकडच्या बाकावर कागलजवळच्या खेड्यातलं एक जोडपं होतं. बाईचं नाव बायडाबाई, नवऱ्याचं गुंडू. गाडी हलायच्या आत ते सगळ्या गाडीला कळलं, कारण बायडाबाई शेताच्या ह्या बांधावरून त्या बांधावर बोलावं तशी बोलत होती. “अवो, दार लावलं न्हवं गोठ्याचं?” “लावलं.” “खरं सांगा.” “तूच लावलंस.” मग तिची नजर निसारच्या पिशवीकडं गेली.

“पावणं, जागा धरलीया जणू? मंडळी मागनं येनार?”

इथं ते वाक्य म्हणायचं होतं. रंकाळा मागं पडला होता, उसाचे फड धुक्यात उभे होते, कुणी ओळखीचं नव्हतं. निसारनं तोंड उघडलं आणि त्याला स्वतःचाच आवाज आला, “जयसिंगपूरला हाय. लेकीकडं. गुडघं धरल्यात तिचं.”

“आगं बया,” बायडाबाई हळहळली. “मग एकल्यालाच पाठिवलं?”

“म्हनली, तुम्ही बघून या. मग सांगा मला.”

“शानी बाई हाय.” तिनं लगेच पाटीतून एक फडकं काढलं, त्यात चार दशम्या बांधल्या आणि निसारच्या मांडीवर ठेवल्या. “ह्या वैनीस्नी द्या. गुळाच्या हाईत, आठ दिस ऱ्हात्यात. म्हनावं, कागलच्या बाईनं दिल्यात.”

दशम्या अजून कोमट होत्या. तो कोमटपणा धोतरातून मांडीत उतरत राहिला. गगनबावड्याला गाडी चहाला थांबली तेव्हा तो उतरला नाही. मग घाट लागला. वळणागणिक कान दडपले, मोकळे झाले, थंडी सुटली, खाली उतरेपर्यंत हवाच निराळी झाली, ओली, जड, कुणाच्या तरी अंघोळीनंतरच्या न्हाणीघरासारखी. नारळी-पोफळी दिसल्या. त्याला प्रत्येक गोष्ट कुणाला तरी सांगावीशी वाटत होती आणि तो पिशवीकडं मान वळवत होता. हे बघ, लाल माती. हे बघ, घरावर कौलं कशी काळी. खोटं एकदा बोललं की त्यात राहता येतं, भाड्याच्या खोलीत राहावं तसं, हे त्याला नव्यानं कळत होतं. जयसिंगपुरात ती ओसरीवर पाय लांब करून बसली होती. मुबशिरा तिच्या गुडघ्याला तेल लावत होती. किती सोपं होतं.

आणि मग झाडांच्या फटीतून ते दिसलं. गाडीत आरडाओरडा झाला. निसारला प्रथम काहीच वाटलं नाही. मग वाटलं, की तिचं बरोबर होतं. काठ नव्हताच.

होडीचा तांडेल सत्तरीचा, काटक म्हातारा होता. गुडघाभर पाण्यात फळी धरून उभा होता आणि त्याच्या हातात एक पिवळट दोरी होती. माणसं आली, की तो विचारायचा, “कितीजणां?” आणि तेवढ्या गाठी दोरीला मारायचा. उदयसिंहानं त्याच्यासमोर छापील यादी धरली. म्हाताऱ्यानं ती बघितलीही नाही. “कागद भिजता,” तो म्हणाला. “येक डाव भिजललो. येक माणूस रातभर बेटार ऱवललो. तेवापासून मी गाठी मारतंय. जाताना मारूच्यो, येताना सोडूच्यो. गाठ उरली तर होडी सुटाची नाय.” बायडाबाई मागून म्हणाली, “आमचं बी दोन बांधा, पर सैल बांधा. ह्यास्नी तिथंच सोडायचं मनात आलं तर?” गुंडूसकट सगळे हसले.

निसार पुढं सरकला. पायाखालची वाळू लाटेबरोबर निसटत होती, त्याची नजर दोरीवर होती. साधी गाठ, पण एका ओढीत बसणारी. हात कसबी होता.

“कितीजणां?”

“दोन.”

ते सवयीनं आलं. जिभेवर जोडीच बसलेली. त्यानं पाहिलं, म्हाताऱ्याच्या बोटांनी एक गाठ घातली, मग तिच्या शेजारी दुसरी. चूक दुरुस्त करायला त्याच्याकडं पुरता एक श्वास होता. मागून बायडाबाईची पाटी पाठीला लागत होती, फळी डुगडुगत होती. पण खरं तर ह्यातल्या कशानंच त्याला अडवलं नाही. दुसरी गाठ बसताना त्याच्या छातीत काहीतरी इतकं हळुवार टेकलं, की त्यानं ते हलवलं नाही. कुठल्यातरी दोरीत आज तिला मोजलं होतं. तो होडीत चढला आणि बाकावर जरा सरकून बसला.

बेट लहानसंच होतं. पांढरी वाळू, वाकलेले माड, मधोमध गोड्या पाण्याची एक विहीर, टोकाला काळे खडक. माणसं पांगली. कुणी पाण्यात शिरलं, कुणी फोटो काढत सुटलं, गुंडूनं पटका काढून माडाखाली पाठ टेकली. निसार सगळ्यांपासून लांब गेला आणि पाण्याच्या रेघेवर बसला. त्यानं पाय पुढं सोडले. लाट आली, अंगठ्यापर्यंत पोचली, मागं फिरली. अंगठ्यावर चाळीस वर्षांच्या दोऱ्यांनी पाडलेली खाच होती; तिच्यात वाळूचे चार कण राहिले. असा रिकामा अंगठा दिवसाउजेडी त्यानं कधी पाहिला नव्हता. लाट परत आली. कुणीतरी पलीकडून टोक धरून ओढत होतं, सैल सोडत होतं. घट्ट नाही, सैल नाही. त्यानं शाल काढून शेजारी वाळूवर घडी करून ठेवली. नुजहत, हे घे बघ तुझं पाणी. सांडत न्हाई गं. मी बघून सांगतो, न्हाई सांडत. तो मोठ्यानं बोलला की मनात, हे त्याला समजलं नाही. दुपार माडांच्या सावल्यांतून सरकत गेली आणि त्या सगळ्या दुपारीत त्याला एकदाही एकटं वाटलं नाही. नेमकं ह्याचंच पुढं त्याला जास्त भय वाटलं.

चार वाजता उदयसिंहाची शिट्टी झाली. निसारनं वाळू झटकून शाल परत पिशवीत घातली. ओहोटी लागली होती; पाणी आणखी उतरलं, की होडीचा तळ वाळूत रुतणार होता. माणसं एकेक करून फळीवर चढली, तांडेल एकेक गाठ सोडत गेला. निसार चढला तेव्हा एक सुटली. सगळे बसले. म्हाताऱ्याच्या हातात दोरी लोंबत राहिली, आणि तिच्या टोकाशी एक गाठ.

“येक माणूस कमी आसा.”

“असं कसं?” उदयसिंह म्हणाला. “माझ्या यादीत चोवीस. नऊ-दहा, चाचा, काकी कुठायत?”

“त्या आल्याच न्हाईत की!” बायडाबाईनं परस्पर सांगून टाकलं. “जयसिंगपूरला हाईत, गुडघं धरल्यात त्यांचं.”

“मग तेवीस. आजोबा, चुकून जास्त बांधलीसा तुम्ही.”

“चाळीस वर्सां गाठी मारतंय,” म्हातारा शांतपणे म्हणाला. “सांगल्याशिवाय मारूचंय नाय. कोण तरी उतरललो तो चढलो नाय. सोदा.”

मग गलका झाला. कुणी म्हणालं, मघाशी खडकाकडं एक निळा सदरा दिसला होता. कुणी म्हणालं, दुसऱ्या होडीतनं आलेलं कुणीतरी असंल. पोराबाळांच्या आयांनी आपापली पोरं चाचपली. चार-पाच बाप्ये उतरून माडांत शिरले, “ओ, कोन ऱ्हायलंय काय?” म्हणून ओरडत. पाणी रेघेरेघेनं मागं जात होतं. निसार बाकावर बसून होता आणि त्याच्या शेजारी, जाताना सोडली होती तेवढीच जागा मोकळी होती. त्याला ठाऊक होतं, कुणाला शोधतायत ते. सबंध बेट तिला हाका मारत होतं. नाव माहीत नसताना. चार महिन्यांत कुणी तिला असं शोधलं नव्हतं, त्यानंसुद्धा नाही. आणि ते थांबवायचं होतं, ते एका वाक्यानं थांबणार होतं, आणि ते वाक्य फक्त त्याच्याचपाशी होतं. आणखी थोडं. आणखी एक हाक होऊ दे.

तेवढ्यात बायडाबाई उभी राहून किंचाळली, “अवो, तिकडं कुटं निघालासा? पवाय येतंय काय तुमास्नी?” गुंडू धोतर खोचून काळ्या खडकांवरून पाण्याकडं उतरत होता, शेवाळावर घसरत, वाकून कपारीत बघत होता. म्हातारा माणूस. कुणी बुडालंय का ते पाहत होता.

निसार उठला. होडी डुलली.

“बोलवा त्यास्नी माघारी,” तो म्हणाला. कुणाला ऐकू गेलं नाही. तो पुन्हा म्हणाला, “बोलवा. कोन ऱ्हायलं न्हाई. मी दोन सांगिटलं हुतं. माझीच गाठ हाय ती.” सगळ्यांच्या माना त्याच्याकडं वळल्या आणि त्याला दिसलं, की एवढ्यावर भागत नाही, बायडाबाई त्याच्याकडं बघत होती, जयसिंगपूर अजून तिच्या डोळ्यांत होतं. “माझी बायको वारली,” निसार म्हणाला. “चार महिनं झालं. मला जोडीनं मोजायची सवय ऱ्हायली.”

काही झालं नाही. आभाळ फाटलं नाही. लाट आली, गेली. ते वाक्य इतकं लहान होतं.

“अर्धा तास उन्हातनं पळिवलंसा की वो आमाला चाचा,” माडांतून परतलेला एकजण चिडून म्हणाला. “आधीच बोलायचं न्हाई व्हय?”

“ये, गप बस तू,” बायडाबाई त्याच्यावर खेकसली. “तुजी मेली न्हाई अजून, म्हून बोलतुयास.”

म्हाताऱ्या तांडेलानं मात्र होडी ढकलली नाही. तो फळीपाशी आला आणि त्यानं ती दोरी निसारपुढं धरली. “माका सोडूची नाय ही,” तो म्हणाला. “जो चढता, तेची मी सोडतंय. ही तुमी सांगलास, तुमीच सोडा.”

निसारनं आयुष्यात गाठी मारल्या होत्या, सोडल्या नव्हत्या. जुना साज आला, की कात्रीनं दोरा कापायचा आणि नवा घ्यायचा, ही त्यांच्या धंद्यातली रीत. ही गाठ खाऱ्या पाण्यानं आवळली होती, उन्हानं वाळली होती. नखं लागेनात. तो फळीवरून उतरून ओल्या वाळूत बसला, दोरीची एक बाजू त्यानं अंगठ्याला घातली आणि दुसरं टोक धरायला त्याचा डावा हात हवेत नुसताच फिरला, भिंत शोधत. ते टोक कुणीतरी घेतलं. बायडाबाई लुगडं सावरून समोर उकिडवी बसली होती. तिला त्यातलं काही कळत नव्हतं. तिनं दावं धरावं तसं ते घट्ट ओढलं.

“जरा सैल, अक्का,” तो म्हणाला.

तिनं सैल सोडलं. फार सैल. मग थोडं घट्ट. त्यानं वाकून दातानं गाठ धरली. खारट चव आली. आधी एक पदर हलला, मग दुसरा. ती सुटली तेव्हा आवाजही झाला नाही. पण जिथं गाठ होती तिथं दोरी वाकडीच राहिली, अशा जागी ती कधीच सरळ होत नाही, हे त्याच्याइतकं तिथं कुणालाच माहीत नव्हतं. सगळे चढल्यावर तांडेलानं दोरी खिशात घातली आणि होडीला खांदा लावला. तळ दोनदा वाळूला घासला, तिसऱ्यांदा पाण्यावर आला. गुंडू भिजल्या धोतरानिशी निसारशेजारच्या मोकळ्या जागेत येऊन बसला, जागा आपलीच असल्यासारखा, आणि वाऱ्यानं कुडकुडायला लागला. थोड्या वेळानं निसारनं पिशवीतून चॉकलेटी शाल काढली. ती दोन्ही हातांत धरून तो काही क्षण बसला. मग त्यानं ती त्याच्या खांद्यावर टाकली.

परतीच्या घाटात दिवस मावळला. गाडीत बरेचजण पेंगत होते. निसार खिडकीशी सरकला होता. नऊ नंबरच्या जागेवर आता बायडाबाई बसली होती, कारण गुंडूला आडवं व्हायला बाक हवा होता. त्यानं फडकं सोडलं आणि दशम्या मधे ठेवल्या. दोघांनी एकेक खाल्ली. तिसरी तिनं मोडून अर्धी त्याच्या हातावर ठेवली. उरलेली तिनं फडक्यात परत बांधली.

“नाव काय हुतं वो त्यांचं?”

“नुजहत.”

“आमच्यात न्हाई असलं नाव.” तिनं ते एकदा हळूच म्हणून बघितलं, जरा मोडलं, पुन्हा म्हटलं. “काय करायच्या त्या?”

बाहेर अंधारात दरी होती आणि तिच्या तळाशी, आता दिसत नव्हतं ते, पाणी. निसारनं काचेला कपाळ लावलं. सांगण्यासारखं चौतीस वर्षांचं होतं. कुठून ओवायला घ्यावं, मधलं पदक कुठलं, ते त्याला चटकन सुचेना.

“दोऱ्याचं दुसरं टोक धरायची,” तो म्हणाला.